धुतलेली खुर्ची

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती तेव्हा आम्हा नर्सबायकांना एका प्रशिक्षणाला बसवलं. विषय व्यक्तिमत्त्व विकास. टाय लावलेला एक तरुण फळ्यावर दोन गोल काढून समजावत होता, की आतला गोल म्हणजे तुमचा कम्फर्ट झोन, बाहेरचा म्हणजे नवी आव्हानं, आणि या दोहोंचा तोल सांभाळत माणसानं स्वतःला हळूहळू, प्रेमानं बाहेर काढायचं असतं. 'प्रेमानं' हा शब्द त्यानं दोनदा वापरला. शेजारची सिस्टर वहीत गोल उतरवून घेत होती. मला हसू आवरेना, म्हणून पाणी प्यायच्या निमित्तानं मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. मला आतल्या गोलातून जिनं बाहेर काढलं ती माझी माय. तिला गोल सोडाच, सही करता येत नव्हती, आणि तिनं मला जसं काढलं तसं कोणी कुत्र्यालाही काढू नये.

माय धारूरच्या डोंगरपट्ट्यातली मजूर बाई. बाप मला कळायच्या आत गेला, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. जगण्याविषयी तिचं एक ठाम मत होतं आणि ते वापरायला तिच्या हाताशी माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मला एक घागर न डुचमळता आणता यायला लागली, की दुसऱ्या दिवशी डोक्यावर दोन. भाकरी न फाटता तव्यावर पडायला लागली, की भाकरी तिच्याकडे आणि मी सरपणाला. जे जमलं ते काम ती माझ्याकडून काढून घ्यायची. शाळेला सुट्टी असली की मी तिच्याबरोबर रोजगार हमीवर खडी फोडायला जायची. एकदा मी माझा दगडांचा ढीग थोडा थोडा करत एका बाभळीच्या बुडाशी नेला. सावली ती केवढीशी, चाळणीतून पडल्यासारखी. मायनं लांबून पाहिलं, उठून आली आणि माझा ढीग लाथेनं उन्हात लोटून दिला.

"सावलीत हात मंदावतो," ती म्हणाली. "बूड टेकलं का मानूस संपलं."

कामावरच्या बाया हसल्या. मी अकरा-बारा वर्षांची असेन. त्या दिवशी मी ठरवून टाकलं, की मोठेपणी असं काहीतरी करायचं ज्यात बसायला मिळेल. वर्गातल्या पोरी डॉक्टर व्हायचं म्हणायच्या, पोलीस व्हायचं म्हणायच्या. मला नुसतं बसायचं होतं.

आणि बसायला मिळालंही. मी बारावी झाले त्या साली गावच्या सहकारी दूध संस्थेला टेस्टर हवा होता. संस्थेचे चेअरमन गावातले मोठे शेतकरी, दोन विहिरींचे आणि डझनभर गायींचे मालक. ते स्वतः आमच्या वस्तीत आले, दाराबाहेर उभे राहून म्हणाले, "सायन्सवाली तूच एकली हाईस गावात. करती का काम?" पुढच्या सोमवारपासून मी सकाळ-संध्याकाळ संस्थेत. लोक दूध घेऊन यायचे, मापाडी माप करायचा, मी काचेच्या नळीत नमुना घ्यायची, त्यात ॲसिड घालायची, नळ्या यंत्रात गरगर फिरवायची आणि फॅट किती ते वाचून सांगायची. माझ्या शब्दावर दूध बरं का वाईट ते ठरायचं. माझ्या आजीच्या वयाच्या बाया मला 'टेस्टरबाई' म्हणायच्या.

पत्र्याची खोली, एक टेबल, टेबलावर पंखा, आणि टेबलामागे हाताची लाकडी खुर्ची. बसायची जागा वेताची, एका कोपऱ्यात उसवलेली. मी त्या खुर्चीच्या प्रेमात पडले. दुसरा शब्द नाही. मायच्या जुन्या लुगड्याची घडी करून मी गादी केली. दुपारी काम नसलं तरी घरी जायची नाही, बसून राहायची. खुर्चीच्या हातांवर कोपर टेकवलं की मला वाटायचं, झालं, पोहोचलो. कोल्हा काकडीला राजी म्हणतात ते माझ्यासारख्यांसाठीच.

या खुर्चीच्या काही अटी होत्या, त्या कोणी मला सांगितल्या नव्हत्या आणि मीही विचारल्या नव्हत्या. आम्ही बौद्ध. दुधाच्या कॅनला माझा हात लागायचा नाही. मापाडी पळीनं दूध काढून वरून माझ्या बाटलीत सोडायचा. माझा चहाचा कप खिडकीत वेगळा पालथा असायचा. मला हे दिसत नव्हतं असं मी पुढे बरीच वर्षं लोकांना सांगितलं. खोटं आहे. सगळं दिसत होतं. पण पंख्याखाली बसलेल्या माणसाला असल्या गोष्टी सोसवतात, आणि मला फार छान सोसवत होत्या.

माय एकदाच संस्थेत आली. दाराशी उभी राहून तिनं खुर्ची पाहिली, पंखा पाहिला, खिडकीतला कप पाहिला. आली तशी परत गेली. रात्री जेवताना म्हणाली, "गादी केलीस व्हय."

मग दुष्काळ पडला. पहिलं कोरडं साल कसंबसं गेलं. दुसऱ्या सालात विहिरींचे तळ दिसले, टँकर एक दिवसाआड यायला लागला, आणि संस्थेमागच्या माळावर जनावरांची छावणी पडली. कारखान्याकडून उसाचं वाढं यायचं, तेच ढोरं चघळायची. त्याच सालात मला पत्र आलं. आदल्या वर्षी शाळेतल्या बाईंनी माझ्याकडून नर्सिंगचा अर्ज भरून घेतला होता, तो मी विसरूनही गेले होते. अंबाजोगाईला प्रशिक्षणासाठी निवड झाली होती. पंधरा दिवसांत हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. मी संस्थेत असताना पोस्टमननं पत्र घरी दिलं होतं. संध्याकाळी मायनं ते माझ्या हातात ठेवलं.

"कशाचं हाय?"

"संस्थेचं हाय. काई न्हाई," मी म्हणाले.

मायनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग पत्र परत घेतलं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि आढ्याला खोचून ठेवलं. "संस्थेचं हाय तर जपून ठिवू," म्हणाली.

मला जायचं नव्हतं. घाबरत होते असंही नाही. माझं बरं चाललं होतं, एवढंच. चेअरमनच्या कानावर मी पत्राचं घातलं, कारण त्यांनी 'जाऊ नको' म्हणावं असं मला वाटत होतं, आणि ते म्हणाले. "कावून जाती? लोकांचं हागमूत काढायला? हितं पंखा हाय, मान हाय." मला फार बरं वाटलं. पंधरापैकी चार दिवस मी त्या बरं वाटण्यातच काढले.

पाचव्या दिवशी चेअरमनच्या गायीचं वासरू मेलं.

गाय जर्सी, गावातली सगळ्यांत दुधाची. सगळीकडे दूध आटलं होतं आणि जेवढं जमत होतं त्यात त्या एका गायीचा वाटा मोठा होता. घाट चढून दुधाची गाडी यायची ती ठराविक कॅन भरत असतील तरच. वासरू गेलं तशी गायीनं पान्हा चोरला. कास दगडासारखी, दूध थेंबभर नाही. दोन वेळा कॅन भरले नाहीत. गाडीवाल्यानं सांगितलं, उद्या-परवा पाहतो, मग येत नाही. गाडी नाही तर संस्था नाही, संस्था नाही तर खुर्ची नाही. हे गणित मला कोणी घालून द्यावं लागलं नाही.

अशा वेळी करायचा एक जुना उपाय आहे. मेलेल्या वासराचं कातडं काढायचं, त्यात पाचट नाहीतर भुसा भरायचा, शिवायचं, काड्यांचे पाय लावायचे आणि ते गायीपुढे ठेवायचं. वास ओळखीचा असतो. गाय चाटायला लागते आणि पान्हा सोडते. उपाय साधा आहे, प्रश्न कातडं कोणी काढायचं हा. पूर्वी तो प्रश्न नव्हता, ते आमच्या लोकांच्या गळ्यात होतं. मायचा बाप शेजारच्या गावचा, त्या कामात त्याचा हात वाखाणलेला. ज्या दिवशी त्यानं दीक्षा घेतली त्या दिवशी घरी येऊन सुरी ओढ्याच्या डोहात फेकली. मेलेल्या ढोराला हात लावणार नाही म्हणाला. त्या गावानं दोन वर्षं त्यांना काम दिलं नाही, पाणी दिलं नाही. माय तेव्हा आठ वर्षांची. तरवट्याचा पाला उकडून खाल्ला, असं ती सांगायची, आणि त्या भाजीचं नाव घेतलं की अजून तिचं तोंड वाकडं व्हायचं.

सकाळची गाडी अर्ध्या कॅनांनिशी गेल्यावर चेअरमन खोलीत आले आणि दार लोटलं.

"तुज्या आज्याचं नाव लई ऐकलंय मी. तुज्या मायला येत आसंल की."

मी नळ्या धुवायला घेतल्या.

"एकदाच. मागं नाल्यात, घायपाताच्या आड. कोनाला कळनार न्हाई, माझ्या लेकराची शपथ. लोकास्नी सांगतो, बाहेरून मानूस आनलाता." मग त्यांनी खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. सुरी होती. नवी कोरी. म्हणजे मला विचारायच्या आधीच बाजारातून आणलेली.

मी नाही म्हणायला हवं होतं. त्या सुरीला बोट न लावता उठून घरी जायला हवं होतं. मी काय केलं, तर पदराआड सुरी घेऊन मायकडे गेले. माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ चुका झाल्या, पण सगळ्यांत मोठी ही, की ज्या बाईच्या बापानं ती सुरी फेकून दोन वर्षं उपास काढले, तिच्याच पुढ्यात मी दुसरी सुरी नेऊन ठेवली. वर म्हणाले, "एकदाच गं माय. संस्था बंद पडंल न्हाईतर."

माय ज्वारी निवडत होती. सुपातले खडे बाजूला काढत तिनं विचारलं, "संस्था का खुर्ची?"

मी सुरी तिच्याकडे आणखी थोडी सरकवली.

"मी हात न्हाई लावनार," ती म्हणाली. "खुर्ची तुजी हाय, तूच सोल. कसं करायचं ते मी सांगती."

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर मला मारेल. दोन्हीची माझी तयारी होती. याची नव्हती. पण मी तिथूनही मागे फिरले नाही. ती पुढे आणि मी मागे अशा आम्ही भर दुपारी नाल्यात गेलो. गोणपाटावर वासरू पडलेलं, पांढऱ्या कपाळाचं, डोळ्यांवर माश्या. चेअरमन लांबून हात करून निघून गेले. माय एका दगडावर गुडघ्यांना मिठी घालून बसली आणि तिथून सांगायला लागली.

"गळ्यापासून खाली ये. लई खोल न्हाई. पातं आडवं धर. आता कातडं डाव्या हातानं वर वढ अन् मधी सुरी फिरव."

पहिली चीर जरा वाकडी गेली. ती मी सरळ करून घेतली. मग हाताला अंदाज आला. रोज काचेच्या नळ्यांत ॲसिड थेंबाथेंबानं सोडणारा हात होता माझा, तो हलत नव्हता. पोटापर्यंत येता येता मला ते जमायला लागलं, आणि खरं सांगायचं तर जमतंय याचं बरंही वाटायला लागलं. मध्येच केव्हातरी मायचं सांगणं थांबलं. मी वर पाहिलं तर ती माझ्या हातांकडे बघत होती. मला वाटलं, पोरीला येतंय, आता सांगायला नको, म्हणून थांबली. कातडं एका तुकड्यात निघालं, कुठे भोक नाही. मीठ आणि राख चोळली, छावणीतलं पाचट भरलं, दाभण-सुतळीनं शिवलं. मायनं एका टाक्यालाही हात लावला नाही. परत येताना ती माझ्यापासून पाच-सहा पावलं लांब चालत होती.

गायीनं संध्याकाळी हुंगलं, एकदा हंबरली आणि चाटायला लागली. पान्हा सुटला. चेअरमननी माझ्याकडे पाहून मान हलवली, जणू दोघांनी मिळून मोठा डाव जिंकला. दोन दिवसांनी गायीला शिवण सापडली. चाटता चाटता तिनं पाचटाचं एक टोक ओढलं आणि खाल्लं. मग रोज ओढायला लागली. वासराचं पोट खपाटीला जायचं आणि गाय रवंथ करत उभी. उपाशी ढोर ते, काय करणार. चेअरमन म्हणाले, "बग, लेकराचं पोट खाती!" आणि आम्ही दोघं हसलो. हो, मीही हसले. दोनदा मी पाचट भरून शिवण नव्यानं घातली.

वासरू मेल्यापासूनचा सातवा दिवस. सकाळी एक म्हातारी दूध घेऊन आली, मला पाहिलं आणि कॅनवर पदर ओढला. मला वाटलं धूळ उडतेय म्हणून. तिच्यामागच्यानं मापाडीला विचारलं, "टेस्ट दुसरं कोनी करत न्हाई का?" संध्याकाळी निम्मे लोक आलेच नाहीत, दूध घेऊन खासगीवाल्याकडे गेले. दुसऱ्या दिवशी एकजण माझ्या तोंडावर म्हणाला, "रक्तातच हाय, जाईल कुटं." बाकीचे त्याला गप्प बस म्हणाले नाहीत. चेअरमनच्या गायीचं दूध मात्र सगळ्यांना चाललं. ते त्याच कॅनांत, त्याच गाडीत गेलं. विटाळ माझ्या हाताचा होता, त्या हातानं उतरवलेल्या दुधाचा नव्हता.

चेअरमन आले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "चार दिवस घरी ऱ्हा."

"तुमी सांगितलं," मी म्हणाले. "शपथ घेतली हुती तुमी."

"मी कोनाला बोललो न्हाई, पोरी."

कोण विश्वास ठेवणार? तीन माणसांना माहीत होतं. मी बोलले नव्हते, आणि मायचा तर प्रश्नच नव्हता.

तासाभरानं लुगड्याची घडी घ्यायला मी परत गेले. संस्थेसमोर टँकर लागला होता, बायांच्या घागरी ओळीनं मांडलेल्या, अर्धी घागर जास्त कोणाला गेली यावरून भांडणं चाललेली. आणि बाजूला, अंगणात, मापाडी माझी खुर्ची धूत होता. दोन घागरी भरून घेतल्या होत्या त्यानं. वेतातून पाणी गळत होतं, मातीत जिरत होतं, आणि रांगेतली एकही बाई त्या पाण्यासाठी भांडली नाही. ज्या गावात लेकरांना आठवड्यात एक अंघोळ होती तिथं खुर्चीला अंघोळ मिळाली. मी घडी न घेताच वळले. त्या क्षणाचा राग अजून माझ्या छातीत तसाच आहे, म्हातारी झाले तरी तो म्हातारा झाला नाही.

घरी आले तर माझं गाठोडं बांधून ठेवलेलं. त्यावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पत्र.

"दोन दिवस ऱ्हायले," माय म्हणाली.

"तुला काय म्हाईत?"

"पोष्टमन बोलका हाय."

मी रडत होते. तिनं जवळ घेतलं नाही. भाकरी बांधून दिली, पहाटे फाट्यापर्यंत पुढे पुढे चालत आली. एसटी आली तेव्हा एवढंच म्हणाली, "बसाया जागा न्हाई मिळाली तर उबी ऱ्हा." जागा मिळाली नाही. अंबाजोगाईपर्यंत मी उभीच गेले.

तिथे मी शिकले ते चिडून शिकले. पहिलं बाळंतपण पाहून बाकीच्या पोरी भोवळ येऊन पडल्या, मी उभी राहिले. ज्या वॉर्डात कोणी ड्युटी घेत नसे तो मी मागून घ्यायची. एखाद्या वॉर्डात हात बसला, ओळखी झाल्या, चहा आपोआप टेबलावर यायला लागला, की मला धास्ती वाटायची आणि मी बदली मागायची. लोक म्हणायचे, या बाईला नवं शिकायची केवढी हौस! हौस कसली, खुर्ची गरम झाली की मला तिच्यातून पाणी गळताना दिसायचं. गावी मी दोन वर्षं गेले नाही. मायला पत्रही टाकलं नाही; वाचून कोण दाखवणार, अशी स्वतःची समजूत काढली.

पुढे जिल्ह्यातल्याच एका ग्रामीण रुग्णालयात ड्रेसिंग रूम माझ्याकडे होती. एके दिवशी रांगेत चेअरमन. संस्था केव्हाच बुडाली होती, विहिरी पोरांत वाटल्या गेल्या होत्या. साखरेच्या आजारानं पाय सडलेला, अंगठ्याची जखम हाडापर्यंत. त्यांनी मला ओळखलं, हसायला गेले. मी म्हणाले, "रांगेत." बाकड्यावर जागा होती. ते बसायला लागले तेव्हा मी सांगितलं, बाकडं बायकांचं आहे. तसा काही नियम नव्हता. दोन तास ते भिंतीला धरून एका पायावर उभे होते, आणि शेवटी फरशीवर बसले.

जखमेला चिकटलेला गॉज, म्हणजे पट्टीखालचा जाळीदार तुकडा, सलाईननं भिजवून, सैल करून काढायचा असतो. शिकाऊ पोरींना हे मी पहिल्या दिवशी शिकवते. मी तो कोरडाच ओढला. त्याच्याबरोबर मांस आलं. म्हाताऱ्यानं टेबलाची कड धरली आणि दातांतून म्हणाला, "मी कोनाला बोललो नव्हतो, पोरी."

"हालू नका," मी म्हणाले.

असे ते तीनदा आले आणि तिन्ही वेळा मी तसंच केलं. चौथ्यांदा आले नाहीत. पाय कापला असं कळलं, मग महिन्यानं गेल्याचं कळलं. मला वाईट वाटलं नाही. मला वाटलं, फिटलं.

त्या वर्षी माय माझ्या क्वार्टरवर होती. उठवत नव्हतं तिला. मी खाट दिली तर खाली फरशीवर निजायची, पंखा लावला की म्हणायची, बंद कर. एका दुपारी मी तिला भात भरवत होते. चेअरमन गेल्याचं सांगितलं, आणि मग बाकीचंही सांगितलं. बाकडं, कोरडा गॉज, सगळं. थोडं फुशारक्या मारत सांगितलं असेन. "समदं उट्टं काढलं बग माय मी त्याचं."

मायनं तोंडातला घास गिळला. "कशाचं उट्टं?"

"त्यानं गावात सांगितलं त्याचं."

"त्यानं कुटं सांगितलं? मी सांगितलं."

मला वाटलं तिला भ्रम झालाय.

"टँकरच्या रांगंत सांगितलं. पैल्या दिशी सांगाया लागले तवर टँकर आला अन् समद्या घागरी घिऊन पळाल्या, कोनी ऐकलंच न्हाई. म्हून दुसऱ्या खेपंला पुन्ना सांगितलं."

मी ताटली खाली ठेवली. मग मी विचारलं, "आन् तुजं? तुला तर तिथंच ऱ्हायचं हुतं."

"माज्या घागरीत वरून पानी सोडायच्या बाया. निम्मं भुईवर. रोज कोनी ना कोनी दारात यायचा, ढोर मेलंय चल म्हनून. शिव्या द्यायचे. मी गेले न्हाई." ती थोडी हसली. "माजी कुटं खुर्ची हुती जायला?"

"मग मला आधीच न्हाई कावून म्हनली न्हाईस? सुरी आनली तवाच?"

"मी म्हनून काय उपेग? तू म्हनायला पायजे हुतं." तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. पण ती बोलत होती. "मी वाट बगत हुते. वाटलं, वासराचं तोंड बगून टाकून देशील सुरी. न्हाई टाकली. मग वाटलं, पोटापाशी आली का टाकशील. मंग तुजा हात चालाया लागला. लई साफ चालला गं तुजा हात. कुटं भोक न्हाई का काई न्हाई. तवा मला तुजं भ्या वाटलं."

पुढे तिनं पंखा बंद कर म्हणून सांगितलं. मी उठून बंद केला. मग बेसिनपाशी गेले आणि ताटली धुतली, हात धुतले. चेअरमनच्या पायावरचा गॉज ओढताना तिन्ही वेळा हे हात जरासुद्धा हलले नव्हते.